अकरा नंबरचा ताप

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मी एका पेशंटला एकोणतीस इंजेक्शनं दिल्याच्या खोट्या सह्या केल्या, आणि तो पेशंट आकाशात होता. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कोणी हसलं की माझं डोकं फिरतं आणि मग गोष्ट राहून जाते.

धंतोलीत तेव्हाही चार घरं ओलांडली की एक दवाखाना लागायचा. आमचं शुश्रूषागृह बावीस खाटांचं, खाली तपासणीची खोली आणि वर वॉर्ड. मालक डॉक्टर महादेवराव. त्यांच्या निदानासाठी लोक थेट वणी-पुसदहून यायचे. मी शोभाताई, वॉर्डाची मुख्य सिस्टर. गोष्ट चौऱ्याहत्तर सालची आहे.

डॉक्टरसाहेब पेशंटच्या तोंडाकडे बघत नसत. दाखल करताना खालच्या खोलीत एकदा पोट, छाती, नाडी हाताने तपासायचे, तेही डोळे मिटून. त्यानंतर वर वॉर्डात फक्त तक्ता. खाटेच्या पायाशी लटकवलेला तापाचा तक्ता काढायचा, अगदी नाकाशी धरायचा, त्यावर भिंग ठेवून रेघ न् रेघ वाचायची, हुकूम सोडायचा आणि पुढच्या खाटेकडे जायचं. "माणूस खोटं बोलतो, सिस्टर. तक्ता बोलत नाही," असं म्हणायचे. राउंडच्या वेळी विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, हा इथला कायदा. मोठेपणा डोक्यात गेला की माणसाला माणूस दिसेनासा होतो, असं मी घरी जाऊन दर आठवड्याला सांगायची.

नत्थूजी आमचे केसपेपर लिहिणारे कारकून. उमरेडच्या विणकर घरातले, शाळा सातवीपर्यंत. लहानपण सुताच्या लड्यांमधे गेलेलं, त्यामुळे पांढऱ्या-पांढऱ्यातला फरक त्यांना दुरून कळायचा. धुवून आलेल्या चादरींमधली कोणती आपली आणि कोणती समोरच्या दवाखान्याची, हे ते दारातून सांगत. असा माणूस अकरा वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघत उभा राहायचा.

आभाळात काही तारे असतात, त्यांचं तेज कमीजास्त होतं. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. उत्तरेला वृषपर्वा नावाचा तारकासमूह आहे, त्यातला चौथा तारा असाच. दीड दिवसात झपाट्याने उजळतो, मग चार दिवस हळूहळू उतरत जातो. पाच दिवस, आठ तास आणि अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की पुन्हा तेच. दुर्बीण लागत नाही. त्याच्या जवळ दोन तारे आहेत, एक उजळ, एक मंद, आणि ते दोघे कधी बदलत नाहीत. आज हा कोणाकडे किती झुकला, ते दहा भागांत सांगायचं. दोन लड्यांच्या मधे तिसरी धरून रंग जुळवतात तसंच हे, असं नत्थूजी म्हणायचे.

त्यांचे नियम दोनच. दिसेल तेच लिहायचं, कालचं बघून आजचं लिहायचं नाही. आणि ढग आले तरी रकाना रिकामा ठेवायचा नाही, "दिसला नाही" असं लिहायचं.

"दिसला नाई, हे बी पायनंच हाय जी ताई," असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. मी तेव्हा बेडपॅन मोजत होते.

त्या वर्षी दक्षिणेतल्या एका वेधशाळेचं पत्र आलं. एक ऑक्टोबरपासून साठ संध्याकाळी, एकही रकाना न सोडता, जागेवर लिहिलेला मूळ कागद पाठवावा. नक्कल चालणार नाही, कारण नक्कल करताना माणसाला रेघ सरळ करायचा मोह होतो. नोंदी पटल्या तर देशातल्या निरीक्षकांच्या यादीत नत्थूजींचं नाव येणार होतं. ते पत्र त्यांनी मला चारदा वाचून दाखवलं.

"मले दुसरं काई नको, ताई," ते म्हणाले. "अकरा वर्सं पायलं. घरचे म्हणतात, फुकट मान वर करून राहिला. कोणी तं म्हणावं ना, का हो, तुमी पायलं म्हणून." मी त्यांना चहा प्यायला पाठवलं.

आता चूक कशी झाली ते ऐका. नोंदींसाठी नत्थूजी दवाखान्याचेच छापील तापाचे तक्ते वापरायचे. आयत्या चौकटी, आयत्या तारखा. सगळ्यात मंद तेज म्हणजे सत्त्याण्णव, सगळ्यात उजळ म्हणजे एकशे चार, असं त्यांनी ठरवून घेतलं होतं. तीन तक्ते एकाला एक चिकटवून साठ दिवसांची पट्टी केली होती. आणि कारकुनाला कुठलाही रकाना कोरा ठेवता येत नाही, म्हणून वरचा मजकूरही भरला होता. नाव: वृषपर्वा, चौथा. वय: माहीत नाही. राहणार: उत्तरेकडे. आजार: तेज कमीजास्त होणे.

दिवाळीच्या आधी वॉर्डाला चुना मारायला घेतला. कागदांचं कपाट ओढून बाहेर काढलं. चुन्याचे थेंब पडू नयेत म्हणून नत्थूजींनी आपली पट्टी अकरा नंबरच्या खाटेला अडकवली. त्या खाटेच्या पट्ट्या तुटल्या होत्या, तिच्यावर कोणी झोपत नव्हतं, आणि राउंडला अजून तासभर होता. नेमके त्या दिवशी डॉक्टरसाहेब तासभर आधी आले.

त्यांनी अकरा नंबरचा तक्ता काढला. नाकाशी धरला. भिंग फिरायला लागलं. भिंग इतका वेळ एकाच कागदावर मी कधी पाहिलं नव्हतं.

"दर पाच दिवसांनी चढतो," डॉक्टर म्हणाले. "एकदम चढतो, हळू उतरतो. एक ऑक्टोबरपासून! दिवसाआडचा ताप ठाऊक आहे, चौथ्या दिवसाचा ठाऊक आहे. हा काय आहे?"

मी तोंड उघडलं. त्यांनी बोट वर केलं. मी मिटलं.

"वृषपर्वा चौथा. चौथा मुलगा असेल. उत्तरेकडचा, म्हणजे शिवनी-छिंदवाड्याचा. तिकडे डास फार. वय माहीत नाही, अडाणी दिसतो. ह्याला मी तपासलंय ना?" मग स्वतःच म्हणाले, "तपासलंच असेल." आणि नत्थूजींकडे तोंड करून, "सकाळचे रकाने कोरे का?"

नत्थूजी कपाटामागून बाहेर आले. "सकाळी नसते जी तो, साहेब."

"नसतो म्हणजे? तापाचा माणूस फिरायला सोडता? आजपासून खाटेवरून हलू द्यायचा नाही. रोज एक क्विनाइनचं इंजेक्शन. साबुदाण्याची खीर. आणि हा तक्ता माझ्या सहीशिवाय वॉर्डाबाहेर जाता कामा नये."

तुम्ही म्हणाल, राउंड झाल्यावर सांगायचं होतं. पहिल्या दिवशी हिंमत झाली नाही, कारण तक्ते दवाखान्याचे आणि नत्थूजींची नोकरीही दवाखान्याचीच. दुसऱ्या दिवशी मी कालच्या इंजेक्शनपुढे "दिले" लिहून सही करून बसले होते. चौथ्या दिवशी चार सह्या झाल्या. आता सत्य सांगायचं तर आधी त्या चार खोट्या सह्या कबूल करायला लागणार होत्या. खोटेपणा असा हप्त्याहप्त्याने वाढतो, माणसाला कळतही नाही. क्विनाइनच्या बाटल्या मी कपाटात मागे मागे सारत गेले.

खिरीचा प्रश्न दहा नंबरने सोडवला. दहा नंबरवर चंपतराव नावाचे काविळीचे पेशंट होते आणि त्यांच्याजवळ त्यांची बायको गोदूबाई. अकरा नंबरची खीर चंपतराव खायचे आणि कावीळ असून वजनाने वाढायचे. गोदूबाईंना फुकटचं खाल्ल्यासारखं वाटलं, म्हणून अकरा नंबर कोण आहे ते बघायला त्या एका संध्याकाळी नत्थूजींच्या मागे गच्चीवर गेल्या. तिथून उतरल्या त्या त्याच्या नातेवाईक होऊनच.

"बिचाऱ्याले कोणी नाई वं माय," त्या मला म्हणाल्या. "एकटाच हाय वरतं."

मग रोज साडेसातला दोघं गच्चीवर.

"काल मले खालावल्यावानी वाटला गा."

"होय जी. पार उतरला होता काल. आज चढून राहिला."

"चढू दे, चढू दे. खीर लागू पडली."

दिवसा भेटायला येणाऱ्यांना त्या शेजारच्याची हकिगत सांगायच्या. खाट रिकामी का, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, वरतं ठेवलाय, हवेशीर. लोक हळहळायचे आणि अकरा नंबरवर दोन संत्री ठेवून जायचे. दिवाळीत त्या खाटेवर वॉर्डात सगळ्यात जास्त फराळ होता.

नत्थूजी मात्र सुकत चालले. नोंद रोज वॉर्डातल्या पट्टीवरच करायला लागे. एकोणतीस नोव्हेंबरला साठ दिवस भरत होते आणि तीसला कागद टपालात पडायला हवा होता. सुट्टीचा नियम असा, की तीन दिवस सलग ताप नसेल तर डॉक्टर सही करणार. मी नत्थूजींना आडोशाला घेतलं.

"तीन दिवस साडेअठ्ठ्याण्णव लिहा. पेशंटला सुट्टी, तक्ता तुमच्या हातात. तीन ठिपक्यांचा तर प्रश्न आहे."

"ताई, तीन दिवस साडेअठ्ठ्याण्णव लिवलं, तं तो तारा बंद पडला म्हणून छापतीन ते लोक."

"मी रोज सह्या करतेच आहे ना!"

"तुमी इंजेक्शनाचं लिवता जी. मी त्याचं लिवतो. तो तितका दूर, त्याच्या वतीनं बोलाले दुसरं कोण हाय?"

मला राग आला. खरं सांगते, त्यांचा नाही, स्वतःचा आला, पण काढला त्यांच्यावरच. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

इकडे डॉक्टरसाहेबांनी दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरवलं. विषय, पाच दिवसांचा ताप. सगळ्या औषधांना दाद न देणारा, आणि मिनिटाचाही फरक न करणारा. ह्या आजाराला आपलं नाव पडेल, असं त्यांनी मला सांगितलं आणि लहान मुलासारखे हसले. तीस तारखेला गाडी होती. मूळ तक्ता ते बरोबर नेणार होते.

"फक्त ह्या तापात पोटातली प्लीहा किती वाढली आहे ते कोणीतरी विचारणारच," ते म्हणाले. "मला आठवत नाही. उद्या संध्याकाळी सातला येऊन हात लावून बघतो."

उद्या म्हणजे एकोणतीस. साठावी संध्याकाळ. नत्थूजी खुर्चीवर बसले ते बसलेच. तक्ता गेला की अकरा वर्षं गेली, आणि नाही गेला तर नोकरी गेली. तोड काढली ती गोदूबाईंनी. आपला नवरा दोन दिवसांत घरी जाणारच आहे, तेव्हा तो तासभर अकरा नंबरवर पडेल. डॉक्टर तोंडाकडे बघतात कुठे? खाटेखाली विटा लावल्या, चंपतरावांना झोपवलं, पांघरूण ओढलं. नत्थूजी नको नको म्हणत होते, त्यांना मी गप्प केलं.

सातला डॉक्टरसाहेब आले. डोळे मिटून त्यांनी चंपतरावांच्या पोटावर हात ठेवला. डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. मग हात तसाच ठेवून म्हणाले, "हा दहा नंबर आहे."

गोदूबाईंनी पांघरूण आणखी वर ओढलं.

"ह्या यकृताला मी ओळखतो, सिस्टर. दाखल झाला तेव्हा मी तपासलं आहे. आता उतरलंय. अकरा नंबर कुठे आहे?"

नत्थूजी पुढे आले आणि म्हणाले, "वरतं हाय, साहेब. गच्चीवर."

"नोव्हेंबरात? तापाचा माणूस गच्चीवर?" डॉक्टर ओरडले आणि तसेच जिन्याकडे निघाले. नत्थूजींनी तक्ता घेतला. मागे मी, माझ्या मागे गोदूबाई. डॉक्टर भिंतीला हात लावून चढत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते पायऱ्या मोजत होते. स्वतःच्याच दवाखान्याच्या पायऱ्या हा माणूस का मोजतो, असं मला वाटून गेलं.

गच्चीवर नत्थूजींनी सगळं सांगितलं. तक्ते, चुना, खाट, वेधशाळेचं पत्र. माझ्या सह्यांचं सांगितलं नाही, ते मी सांगितलं. दिल्ली गेली, निबंध गेला, आजाराला मिळणारं नाव गेलं. नोकऱ्या आता जाणार हे मी धरून चालले होते.

"दाखवा," ते एकदम म्हणाले. "पेशंट दाखवा."

नत्थूजींनी उत्तरेला बोट केलं. "हे तीन तारे जवळजवळ हायत ना जी, त्यातला उजवीकडचा."

डॉक्टरांनी मान वर केली. थोडा वेळ बघितलं. "हं," ते म्हणाले. "मंदच आहे जरा."

ते पाण्याच्या टाकीकडे बघत होते.

गोदूबाईंनी माझा हात धरला. त्या क्षणी कोणीही शहाणा माणूस "होय साहेब" म्हणाला असता, मी तर म्हणणारच होते. पण नत्थूजींना खोटी नोंद ऐकवेना.

"नाई जी, साहेब," ते हळूच म्हणाले. "आज तो भरात हाय. तुमाले दिसला नाई तो."

खाली रस्त्यावर एक सायकल रिक्षा घंटी वाजवत गेली. डॉक्टर कठड्याला धरून उभे होते.

"नाही दिसला," ते म्हणाले. "टाकीही दिसत नाही. तुमचं तोंड दिसत नाही, सिस्टर. दोन वर्षं झाली. डोळ्याचा मागचा पडदा गेला आहे, त्याला इलाज नाही. भिंग लावलं की रेघ तेवढी कळते. लोक वणीहून येतात. आंधळ्याकडे कोण येईल?"

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. दोन वर्षं मी ह्या माणसाला घमेंडखोर म्हणत घरी जेवत होते.

नत्थूजींनी विजेरी लावली, तक्ता कठड्यावर पसरला आणि साठाव्या दिवसाच्या रकान्यात आपला ठिपका दिला. मग पेन डॉक्टरसाहेबांच्या हातात ठेवला आणि त्यांचं बोट धरून त्याच रकान्याखाली टेकवलं.

"तुमी बी लिवा, साहेब."

"मी काय लिहू?"

"दिसला नाई, असं लिवा. आमच्यात ते चालते जी. रकाना खाली ठेवाचा नाई फक्त."

डॉक्टरांनी लिहिलं. अक्षरं एका चौकटीतून निघून वरच्या दोन चौकटींत गेली. दिसला नाही. खाली सही केली. मग म्हणाले, "सिस्टर, अकरा नंबरला सुट्टी द्या. बरा झाला म्हणून नाही. डॉक्टरला तपासता आला नाही म्हणून."

तीस तारखेला कागद टपालात पडला. डॉक्टर दिल्लीला गेले नाहीत. मी त्या दिवशी दार लावून बसले आणि एकोणतीस वेळा "दिले" खोडून "दिले नाही" लिहिलं. हात दुखला, पण रात्री झोप लागली.

राउंड बदलला. डॉक्टरसाहेब आता खाटेवर बसायचे, पेशंटचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "मला दिसत नाही. तुम्ही सांगा, काय होतंय?" लोक आधी घाबरले. चार घरं उठून दुसऱ्या दवाखान्यात गेली. बाकीचे बोलायला लागले, आणि एकदा बोलायला लागले की थांबेनात. राउंड दुपारी दोनपर्यंत चालायचा आणि माझी जेवणं चुकायची. तरी मी कुरकुर केली नाही. म्हणजे, थोडी केली.

फेब्रुवारीत वेधशाळेचं पत्र आलं. नत्थूजींचं नाव यादीत आलं होतं. त्यांनी ते नाव बोटाने तीनदा चाचपलं. खाली एक शंका विचारली होती: "एकोणतीस नोव्हेंबरला एकाच जागी, एकाच वेळी पहिल्या निरीक्षकाने तारा पूर्ण तेजात पाहिला आणि दुसऱ्याने दिसला नाही असे लिहिले. आकाशाची स्थिती कृपया कळवावी."

नत्थूजी पत्र घेऊन माझ्याकडे आले. साहेबांचं गुपित आता वॉर्डात गुपित राहिलं नव्हतं, पण दक्षिणेपर्यंत कसं न्यायचं? मी पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं. "दुसरा निरीक्षक" ह्या शब्दांपाशी त्यांनी मला थांबवलं.

"जे खरं आहे ते लिहा, नत्थूजी," ते म्हणाले.

नत्थूजींनी आपल्या विणकरी, एकसारख्या अक्षरात लिहिलं: "आकाश पूर्ण स्वच्छ होते. दोन्ही निरीक्षकांनी खरे लिहिले आहे."